पेटीसकट रेडिओ

व्हॉल्व्हचा जुना रेडिओ आज कुणाच्या हाती लागला तर बहुतेक वेळा तो अर्धाच असतो. ट्रान्सफॉर्मर, व्हॉल्व्हचे सॉकेट, डायल फिरवणारी चाके हे सगळे पत्र्याच्या चासीवर बसवलेले असल्यामुळे ते गंजून का होईना, टिकते. जाते ती बाहेरची लाकडी पेटी. या पेट्या बहुधा प्लायवूडच्या, वरून पातळ व्हिनिअर चिकटवलेल्या आणि जनावरांच्या कातड्या-हाडांपासून केलेल्या सरसाने जोडलेल्या असत. सरसाला ओल सोसत नाही. पुण्यात चार महिने पाऊस आणि मग एप्रिल-मेचा कोरडा उन्हाळा, असे फेरे वर्षानुवर्षे झाले की व्हिनिअर कडेने उचलते, कोपरे सुटतात, राहिलेले काम वाळवी करते. 12 जुलै 1961 रोजी पानशेत धरण फुटून नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. सरसाने जोडलेली पेटी तशा पाण्यात बुडाल्यावर पेटी म्हणून उरत नाही, तिचे पापुद्रे होतात. अशा पोरक्या झालेल्या, विशेषतः दुर्मिळ असलेल्या चासीसाठी मूळ मापाची नवी लाकडी पेटी घडवणे योग्य आहे का, हा प्रश्न वरवर हौशी लोकांचा वाटतो. मुळात तो जुनी वस्तू जपायची म्हणजे नेमके काय जपायचे, याचा आहे. माझे उत्तर स्पष्ट आहे: अशी पेटी जरूर घडवावी. पेटी हा रेडिओचा अंगरखा नसून त्या यंत्राचा चालता भाग आहे, आणि तो भाग नसेल तर मागे उरलेले यंत्र अस्सल असले तरी पुरे नाही.

आधी इतिहास पाहावा. पेटी आणि चासी एकाच हातून, एकाच छपराखाली जन्मल्या अशी आपली समजूत असते, पण तसे नेहमी नव्हते. आपल्याकडे घरोघरी पोचलेले मर्फी हे नाव घ्या. फ्रँक मर्फी आणि ई. जे. पॉवर यांनी 1929 साली इंग्लंडमध्ये ही कंपनी काढली. तिच्या 1930च्या दशकातल्या नावाजलेल्या पेट्यांची रचना आर. डी. रसेल यांनी केली, आणि त्या घडवल्या गॉर्डन रसेल यांच्या फर्निचरच्या कारखान्यात. म्हणजे ज्या पेटीला आपण अस्सल मर्फी म्हणतो ती मुळात दुसऱ्या कारखान्यातल्या सुतारांनी दिलेल्या नकाशाबरहुकूम बनवलेली होती. अमेरिकेत शिकागोच्या ई. एच. स्कॉट यांच्या महागड्या रेडिओंचे तर याहून पुढचे. क्रोमचा मुलामा दिलेली चासी घ्यायची आणि पेटी आपल्या पसंतीने वेगळी निवडायची, अशी तिथली विक्रीची पद्धत होती. आपल्याकडेही सुटे भाग आणून रेडिओ जुळवणारे छोटे कारागीर पेट्या वेगळ्या बनवून घेत. हे ध्यानात घेतले तर आज नकाशाबरहुकूम पेटी घडवणारा पुण्यातला सुतार जुन्याच कामाची उशिरा आलेली ऑर्डर पुरी करतो आहे, असे म्हणता येते.

पण खरा पुरावा इतिहासात नसून आवाजात आहे. स्पीकरचा कागदी पडदा पुढे सरकतो तेव्हा पुढची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची विरळ होते. पडदा नुसता उघडा ठेवला तर मागची लाट कडेने वळसा घालून पुढे येते आणि पुढच्या लाटेला खाऊन टाकते. यात सर्वांत जास्त मार खातो तो खर्ज, कारण खालच्या स्वरांच्या लाटा लांब असतात. शंभर हर्ट्झच्या स्वराची लाट सुमारे साडेतीन मीटर लांबीची असते. पेटीची पुढची फळी आणि तिच्या बाजू मागच्या लाटेला लांबून यायला लावतात. जितकी पेटी रुंद आणि खोल, तितका खर्ज वाचतो. मर्फीने 1940च्या दशकाच्या अखेरीला ए-146 या मॉडेलमध्ये स्पीकरभोवती मोठीच्या मोठी रुंद फळी उभी केली होती ती याच कारणाने. तंबोऱ्याचा भोपळा फुटला तर उरलेल्या दांडी-तारांना कुणी तंबोरा म्हणत नाही, तसेच हे आहे. आकाशवाणीचे पुणे केंद्र 2 ऑक्टोबर 1953 रोजी सुरू झाले आणि 1 एप्रिल 1955पासून वर्षभर तिथून गदिमा आणि सुधीर फडके यांचे गीतरामायण प्रसारित झाले. तेव्हा ट्रान्झिस्टर घराघरांत पोचायचा होता. त्या गीतांचा जो आवाज त्या पिढीच्या कानात राहिला, तो स्टुडिओपासून निघून शेवटी अशाच एखाद्या पेटीतून, तिच्या फळीच्या आणि जाळीच्या कापडाच्या गुणदोषांसह बाहेर पडला. चासी टेबलावर उघडी मांडून आपण तो आवाज परत मिळवू शकत नाही. ऐकणे हेच ज्या वस्तूचे प्रयोजन, तिच्या बाबतीत ही उणीव लहान म्हणता येणार नाही.

पेटीचे दुसरे काम जिवाशी संबंधित आहे. मेन्स ट्रान्सफॉर्मर नसलेले, एसी आणि डीसी दोन्हींवर चालणारे रेडिओ पुष्कळ बनत. त्यांत विजेची एक तार थेट चासीला जोडलेली असते, आणि प्लग उलटा बसला तर सगळ्या चासीत 230 व्होल्ट येतात. लाकडी पेटी, मागचे भोकांचे हार्डबोर्ड आणि प्लॅस्टिक किंवा बेकलाइटचे नॉब हेच माणूस आणि करंट यांच्यामधले संरक्षण. नॉबचा बारीक स्क्रू आत खोल ठेवून वर मेण भरत असत, तो बोटाला लागू नये म्हणून. आज हौसेने पितळी नॉब लावणारा किंवा देखणे दिसावे म्हणून मागची बाजू उघडी सोडणारा माणूस ही व्यवस्था मोडतो. उलट, नीटनेटकेपणाच्या नादात मागची भोके बंद केली तर व्हॉल्व्हची उष्णता आत कोंडते आणि मेणाचे कंडेन्सर, रबरी तारा लवकर जातात. मूळ पेटीतली भोके, तिची खोली, चासी आणि फळी यांमधले अंतर हे सगळे विचारपूर्वक ठरवलेले असते. म्हणून प्रतिकृती करताना दर्शनी भाग हुबेहूब आणि आतले कसेही, हे चालत नाही.

लाकूड कोणते घ्यायचे, याबाबत पुण्यात एक गोड मोह आहे. जुने वाडे पाडले जातात तेव्हा त्यांतले सागवान विकायला येते, आणि शे-दीडशे वर्षे मुरलेले ते लाकूड पाहून कोणाचेही मन होते की जुन्या रेडिओला जुने सागवान, यापरते चांगले काय? मला हा मोह टाळावा असे वाटते, आणि त्याची कारणे भावनिक नाहीत. भरीव फळी, मग ती कितीही मुरलेली असो, हवेतल्या ओलीबरोबर रेषेच्या आडव्या दिशेने फुगते आणि आक्रसते. चाळीस सेंटिमीटर रुंदीच्या फळीत पावसाळा आणि उन्हाळा यांच्यामध्ये काही मिलिमीटरचा फरक पडू शकतो. डायलची काच ज्या खाचेत बसते तिथे इतका फरक काच तडकवायला पुरतो. प्लायवूडचे थर एकमेकांना आडवे चिकटवलेले असतात ते ही हालचाल रोखण्यासाठीच. रेडिओ कंपन्यांनी प्लाय वापरले त्यात स्वस्ताई होती, पण शहाणपणही होते. शिवाय 1930-40च्या दशकांतल्या पेट्यांचे गोल वळलेले खांदे भरीव सागवानातून निघत नाहीत. पातळ थरांना सरस लावून ते साच्यात दाबून वळवावे लागतात, किंवा आतल्या अंगाने करवतीच्या जवळजवळ चिरा देऊन फळी वाकवावी लागते. वाड्याच्या तुळईतून कापलेली पेटी घरात शोभून दिसेल, पण तिला त्या रेडिओची पेटी म्हणता येणार नाही. त्या सागवानाचे पातळ व्हिनिअर काढून प्लायवर चढवले, आणि मूळ पेटीही सागाचीच होती असा पुरावा असला, तर गोष्ट वेगळी. मूळ व्हिनिअर अक्रोडाचे असेल तर अक्रोडच शोधावे, दोन पाने उघडून समोरासमोर ठेवल्यासारखी रेष जुळवावी, आणि त्यासाठी भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये चार दुकाने जास्त हिंडावीत.

पॉलिशचेही असेच. आज फर्निचरला सर्रास मारतात ते मेलामाइन किंवा पीयू पॉलिश कडक, चकचकीत आणि टिकाऊ असते. पण एकदा बसले की खरवडल्याशिवाय निघत नाही आणि लाकडावर काचेचा थर दिल्यासारखे दिसते. कारखान्यातल्या पेट्यांना बहुधा नायट्रोसेल्युलोज लॅकरचा फवारा असे, आणि कडेचा गडद रंग त्या लॅकरमध्येच मिसळलेला असे, साध्या लाकडाला भारी लाकडाचा भास यावा म्हणून. हे बारकावे न पाहता सगळीकडे एकच तपकिरी रंग फासला की पेटी लांबूनच परकी वाटते. दुरुस्त केलेल्या जुन्या भागांवर स्पिरिटमध्ये विरघळवलेली लाख बोळ्याने चढवणे हाताला कष्टाचे आहे, पण उद्या ती स्पिरिटने उतरवता येते. नव्या पेटीतही जिथे पुढेमागे उघडावे लागेल, तिथे फेव्हिकॉलऐवजी उष्णतेने सुटणारा सरस बरा.

आता आक्षेपांकडे. सर्वांत वजनदार आक्षेप फसवणुकीचा आहे. वस्तू जितकी दुर्मिळ, तितकी तिची नक्कल अस्सल म्हणून खपवण्याची ओढ जास्त. झेनिथ कंपनीच्या 1935च्या पंचवीस व्हॉल्व्हच्या स्ट्रॅटोस्फिअरचेच पाहा. असे रेडिओ काही शेकडेच बनले, तेव्हा त्याची नवी पेटी जुनी म्हणून विकली तर खरेदीदाराचे मोठे नुकसान होते. कायदाही इथे मदतीला येत नाही. 1972च्या पुरावस्तू कायद्यात साधारणपणे शंभर वर्षांची अट आहे आणि 1930च्या दशकातले रेडिओ अजून शंभरीला पोचलेले नाहीत. पण या आक्षेपाचा रोख लपवाछपवीवर आहे, घडवण्यावर नाही. वास्तुसंवर्धनात या प्रश्नाचे उत्तर 1964च्या व्हेनिस सनदेत दिलेले आहे: हरवलेल्या भागाची भर एकूण रचनेत मिसळून जावी, पण जाणकाराला ती वेगळी ओळखता यावी. रेडिओच्या पेटीला हे सहज लागू करता येते. तळाशी आतल्या बाजूला, पॉलिशखाली झाकता येणार नाही असे, तापल्या लोखंडाने साल, घडवणाऱ्याचे नाव आणि 'नवी पेटी' हे शब्द डागावेत. कागदी चिठ्ठी पुरेशी नाही, ती निघते. जो कारागीर असे डागायला नकार देतो त्याच्याकडून पेटी करून घेऊ नये, इतके कडक मी म्हणेन.

काही लोक म्हणतील की उरले आहे ते उरले तसेच ठेवावे, भर घालूच नये. पुण्यालाच हे मत पटलेले नाही. विश्रामबागवाड्याचा पूर्वेकडचा भाग 1879च्या आगीत जळाला आणि पुन्हा उभारला गेला, तरी त्या वाड्याला आपण नकली म्हणत नाही. केळकर संग्रहालयातला मस्तानी महाल कोथरूडहून आणलेल्या अवशेषांतून जुळवलेला आहे, आणि ते सुटे खांब गोदामात पडून राहिले असते तर पाहणाऱ्याला त्यातून महाल कळला नसता. मात्र या आक्षेपातला एक भाग मी पूर्ण मान्य करतो. नवी पेटी हा शेवटचा उपाय आहे. नुसते व्हिनिअर उचलले म्हणून फेकून दिलेल्या पेट्या फार आहेत, आणि त्यांतल्या अनेक ओलसर फडके व कोमट इस्त्री फिरवून, सरस पुन्हा जागा करून वाचल्या असत्या. मूळ पेटीची एक बाजू जरी शाबूत असेल तरी तीच ठेवावी आणि बाकीच्या तिला जोडाव्यात. याच्या अगदी उलट प्रकार सध्या जोरात आहे: चालू शकणारी चासी उपसून काढायची आणि रिकाम्या पेटीत ब्लूटूथ स्पीकर किंवा बाटल्या ठेवायच्या. पेटी हरवलेल्या चासींची संख्या वाढायला हेही एक कारण आहे, आणि ते टाळणे पूर्णपणे आपल्या हातात आहे.

उरतो व्यवहाराचा सवाल. मध्यम लहरींवर ऐकणारे आता थोडे, मग आकाशवाणी पुण्याच्या 792 किलोहर्ट्झवर काटा आणून ठेवण्यासाठी इतका खर्च कशाला? अनेक व्हॉल्व्ह रेडिओंना मागे ग्रामोफोनसाठी पिक-अपचे सॉकेट असते, आणि मेन्स ट्रान्सफॉर्मर असलेल्या सेटवर जाणत्या मेकॅनिककडून त्यात कोणताही आवाज आणून जोडता येतो. म्हणजे प्रसारण थांबले तरी पेटीचा आवाज थांबत नाही. खर्च होतो हे खरे, पण तो सुतार, पॉलिशवाला आणि मेकॅनिक अशा तिघांच्या हातांत जातो, आणि तयार फर्निचरच्या दिवसांत या तिघांचीही विद्या कामाअभावी आटते आहे. व्हिनिअर वळवून चिकटवण्याचे काम वर्षातून दोनदा जरी मिळाले तरी हात चालता राहतो.

पेटी घडवण्याइतकेच तातडीचे काम आहे मापे घेण्याचे, आणि त्याला खर्च नाही. पेटी नाहीशी झाल्यावर चासीवरून बरेच ताडता येते. नॉबच्या दांड्यांमधले अंतर, डायलच्या काचेचा आकार, स्पीकरचा व्यास, चासी बसवायच्या भोकांची जागा यांवरून दर्शनी फळी जवळपास उभी राहते. जुन्या जाहिरातीतल्या छायाचित्रात डायलचे खरे माप ठाऊक असेल तर बाकीच्या मापांचा हिशेब बसतो, तरी कॅमेऱ्याच्या कोनामुळे खोली हमखास चुकते. फळीची जाडी, खांद्याची गोलाई आणि जाळीच्या कापडाची वीण छायाचित्रातून कळतच नाही. ज्या घरात पेटी अजून शाबूत आहे तिथे मागचे झाकण काढण्याआधी प्लग काढून, एक टेप, एक कागद आणि मोबाइल घेऊन बसले तर तासाभरात हे सगळे नोंदता येते: समोरून, बाजूने आणि आतून सरळ काढलेली छायाचित्रे, प्रत्येक फळीची जाडी, मागच्या भोकांची मांडणी, कोपऱ्याच्या वळणाचा कागदावर उतरवलेला ठसा, आणि तळाला चिकटवलेल्या चिठ्ठीवरचा मॉडेल क्रमांक.