पत्ता फळीवर राहू द्या, तुम्ही घरी या

(मे महिन्यात आपल्या रेडिओवरून झालेलं बोलणं)



आज मी कर्ज, व्याज, हप्ता यावर बोलणार नाही. मे लागला, तेंदूपत्ता सुरू झाला. आता हंगाम संपेपर्यंत गटाची मीटिंग ठेवली तरी कोणी येत नाही, आणि त्यात तुमची चूक नाही. पोरांची फी, धानाचं बियाणं, घरावरचे कवेलू, सगळं याच थोड्या दिवसांतून निघतं. म्हणून आज याच दिवसांबद्दल बोलू. या दिवसांत आपल्या जिवावर दोन गोष्टी उठतात. एक ऊन आणि दुसरी वीज.

आधी माझीच चूक सांगते. मागच्या हंगामात एका संध्याकाळी मी सासूबाईंसोबत फळीवर होते. पुडे मोजून पसरायचं काम चाललं होतं. पाच वाजले असतील. आभाळ काळं भरून आलं, गडगडायला लागलं. कोणी हललं नाही. "माझे मोजायचे राहिले", "माझा नंबर जवळ आला", असं प्रत्येकीचं. मीही हलले नाही. गटागटांत सुरक्षिततेवर बोलणारी मी, आमच्या पुड्यांवर नजर ठेवून उभी. थेंब पडायला लागले तशा आम्ही पंधरा-वीस जणी शेजारच्या मोहाच्या झाडाखाली जाऊन दाटीवाटीने उभ्या राहिलो. वीज पडली ती पलीकडच्या बांदीत. तिथे चरणारे दोन बैल जागच्या जागी गेले. झाडावर पडली असती तर आज हे बोलायला मी नसते. त्या रात्री मला झोप आली नाही. तेव्हापासून मी या विषयाची माहिती गोळा केली. तीच आज तुम्हाला सांगते.

आधी उन्हाचं. चंद्रपूर आणि ब्रह्मपुरी ही नावं दर उन्हाळ्यात देशातल्या सर्वांत तापलेल्या गावांत येतात. मे २०१९ मध्ये चंद्रपूरचा पारा ४८ अंशांवर गेला होता. आपण म्हणतो, आम्हाला सवय आहे. ते थोडं खरं आहे. १९ जुलै २०२२ ला इंग्लंडमधल्या कोनिंग्सबी या गावी ४०.३ अंश तापमान झालं. त्या देशाने पहिल्यांदाच ४० पार केलं. आपल्याकडे ४० म्हणजे बरा दिवस. तिथे मात्र त्या उन्हाळ्यात उन्हाच्या दिवसांत अडीच हजारांहून जास्त वयस्क माणसं दगावली. तिथली घरं थंडीसाठी बांधलेली, ऊब आत धरून ठेवणारी, आणि माणसांच्या अंगाला उन्हाची सवय नाही.

सवय म्हणजे काय? आपल्या अंगाचं तापमान ३७ अंशांच्या आसपास राहायला लागतं. बाहेर त्याहून जास्त तापलं की अंग थंड ठेवायचा एकच मार्ग उरतो, तो म्हणजे घाम. घाम वाळताना अंगातली उष्णता घेऊन जातो. माठाचं पाणी गार होतं तसंच. उन्हात रोज थोडं थोडं काम केलं की एक-दोन आठवड्यांत अंग लवकर घाम सोडायला शिकतं आणि घामातून मीठ कमी जातं. ही झाली सवय. पण ती हंगामाच्या पहिल्या दिवशी नसते. सुट्टीला घरी आलेली कॉलेजची पोरगी, बाळंतपणानंतर पहिल्यांदा जंगलात निघालेली सून, आजारातून उठलेली बाई, यांना पहिले चार-पाच दिवस अर्धंच काम द्या. आणि सवय असली तरी घामाला पाणी लागतं. पाणी संपलं की सवयही संपली.

इथे बायांची एक वेगळी अडचण आहे. पुरुषमाणसासमोर ती कोणी बोलत नाही, म्हणून मी बोलते. जंगलात, फळीवर, रोजगार हमीच्या कामावर आडोसा नसतो. मग आपण पाणीच कमी पितो, म्हणजे जावं लागणार नाही. तोंडात खर्रा धरला की तहानही विसरते. असं करू नका. तिघी-चौघी मिळून जा, एकीने पाठ करून उभं राहा, साडीचा आडोसा करा, पण पाणी प्या. लघवी गडद पिवळी होत असेल तर पाणी कमी पडतं आहे असं समजा. ज्यांना सिकलसेल आहे त्यांनी तर हे ध्यानात ठेवाच. अंगातलं पाणी कमी झालं की त्यांचं दुखणं उठतं. तुंबा भरून न्या, बाटली न्या. घरून निघताना आंबील किंवा पेज, मीठ घालून. जेवणात कांदा जरूर खा, पण पदरात बांधलेला कांदा उन्हापासून वाचवत नाही.

ऊन लागतंय हे ओळखायचं कसं? आधी डोकं दुखतं, मळमळतं, पायात गोळे येतात, गरगरतं. तेव्हाच काम थांबवा, सावलीत बसा, साखर-मीठ-पाणी घ्या. एक लिटर पाण्यात ६ सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा. पण बाई असंबद्ध बोलायला लागली, झोकांड्या खायला लागली, अंग चुलीसारखं तापलं, तर तो साधा थकवा नाही, उष्माघात आहे. कधी घाम बंद होतो, कधी येतच असतो, त्यावर जाऊ नका. अशा वेळी मिनिटा-मिनिटाला किंमत असते. सावलीत न्या, कपडे सैल करा, अंगावर पाणी ओता, पदराने वारा घाला. मानेला, काखेत, जांघेत ओली फडकी ठेवा. १०८ ला फोन लावा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका, ते श्वासाच्या नळीत जातं. आणि गाडी येईपर्यंत अंग गार करायचं थांबवू नका.

आता विजेचं. ऊन आणि वीज या वेगवेगळ्या गोष्टी वाटतात, पण वीज उन्हाच्या पोटातून येते. दिवसभर जमीन तापते, तिच्यावरची हवा तापून वर चढते. त्यात बंगालच्या उपसागराकडून ओलसर वारा आला की दुपारनंतर ढग उभा वाढतो, कधी १२ ते १५ किलोमीटर उंच. तिथे वर बर्फ असतो. बर्फाचे बारीक कण आणि गारा एकमेकांना घासतात. अंधारात नायलॉनची साडी काढताना चटचट ठिणग्या उडतात ना, तसाच प्रकार, पण डोंगराएवढा. ढगात साठलेला तो भार जमिनीकडे उतरतो, ती वीज. तिच्या वाटेतली हवा क्षणात ३० हजार अंशांच्या घरात तापते, फुगते आणि फुटते. तो गडगडाट. म्हणून ज्या दिवशी सकाळपासून अंगाची लाही होते आणि दुपारी हवा कोंदट होते, त्या दिवशी संध्याकाळी आभाळाकडे नजर ठेवा.

आपल्या देशात दरवर्षी अडीच हजारांहून जास्त माणसं विजेने मरतात. बहुतेक शेतात, रानात काम करणारी. वीज पायाळू माणसावर पडते असं आपण ऐकत आलो. त्यात तथ्य नाही. वीज उंच वस्तू शोधते. मोकळ्या बांदीत आपणच उंच असतो, आणि जंगलाच्या काठावर मोहाचं झाड. झाडावर पडलेली वीज खोडातून खाली येते आणि शेजारी उभ्या माणसावर उडी मारते. उरलेली जमिनीत पसरते. त्या दिवशी ते बैल का गेले? जमिनीत पसरणारी वीज पुढच्या पायांतून शिरून मागच्या पायांतून निघते. बैलाच्या पायांत अंतर जास्त, म्हणून धक्का जास्त, आणि वाटेत काळीज. माणसाचं तसंच. पाय फाकून उभं राहणं किंवा जमिनीवर आडवं होणं वाईट.

मग करायचं काय? चमकली की मोजायला लागा. एक, दोन, तीन. आवाज तीन सेकंदांत साधारण एक किलोमीटर जातो. तिसाच्या आत गडगडलं तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे. तेव्हाच निघा, पावसाची वाट पाहू नका. पक्क्या घरात जा. तिथे नळ, तारा, खिडकीच्या सळया, चार्जिंगला लावलेला फोन यांना हात लावू नका. कवेलूचं घर असेल तर भिंतीपासून दूर मध्ये बसा. मांडव म्हणजे आसरा नव्हे, उघडा ट्रॅक्टरही नाही. शेवटचा गडगडाट ऐकल्यावर अर्धा तास बाहेर पडू नका. काहीच आसरा नसेल तर झाडापासून, तारेच्या कुंपणापासून, तलावापासून दूर व्हा, एकमेकींपासूनही अंतर ठेवा. पाय जुळवून उकिडवं बसा, डोकं खाली, कान झाका. याने धोका कमी होतो, जात नाही. म्हणून वेळेवर निघणं हाच खरा उपाय.

कोणावर वीज पडलीच तर तिला हात लावायला भिऊ नका. तिच्या अंगात वीज राहत नाही. श्वास बंद असेल तर छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी जोरात, भराभर दाबत राहा, मिनिटाला शंभराच्या वर, मदत येईपर्यंत. अशी माणसं वाचतात. जीव गेलाच तर पोलीस पाटील आणि तलाठ्याला लगेच कळवा. पंचनामा आणि शवविच्छेदन झाल्याशिवाय अंत्यविधी करू नका. विजेने मृत्यू झाल्यास शासनाकडून वारसांना ४ लाख रुपये मदत मिळते, ती कागदाअभावी अडकते.

मोबाइलवर 'दामिनी' नावाचं ॲप मिळतं. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेने केलेलं. आपल्या भोवती २० आणि ४० किलोमीटरमध्ये वीज पडत असेल तर ते सांगतं. गटातल्या एकीच्या तरी फोनवर ते असू द्या. भामरागड, एटापल्लीच्या बायांना रेंज मिळेलच असं नाही. त्यांच्यासाठी मोजणं आहेच.

आता मूळ मुद्द्यावर येते. बाहेरून येणारे लोक सांगतात, पहाटे लवकर जा, ऊन टळेल. पण पहाटे अंधारात जंगलात वाघ असतो, मोहाखाली अस्वल असतं. आपण कितीजणी गमावल्या ते सांगायला नको. म्हणजे सकाळी साडेपाचला उजाडलं की दहापर्यंतच आपली वेळ. त्यापुढे घरी सावलीत सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधायचे. आणि चारनंतर फळी. नेमकी तीच विजेची वेळ, आणि फळी असते मोकळ्या मैदानात. सकाळची वेळ आपल्या हातात नाही. ती वाघ आणि ऊन ठरवतात. फळीची वेळ मात्र माणसांनी ठरवलेली आहे, ती माणसं बदलू शकतात. आपल्या कितीतरी गावांत आता पत्ता ग्रामसभाच विकते. मग हे ग्रामसभेतच बोला.

तीन गोष्टी मागा. पहिली, गडगडलं की मोजणी बंद. फळीवर आणलेला पत्ता ताडपत्रीखाली झाकायचा, ज्याचा त्याचा नंबर मुन्शीने लिहून ठेवायचा. नंबर जाणार नाही आणि भिजलेल्या पुड्याचं नुकसान एकट्या बाईवर पडणार नाही, हे आधी ठरलं तरच बाया उठतील. दुसरी, चावी. मे महिन्यात शाळेला कुलूप असतं. शाळा, अंगणवाडी किंवा समाजमंदिर, जे जवळचं पक्कं असेल त्याची चावी रोज चार वाजता फळीवर हवी. तिसरी, पाळी. रोज एका बाईने आभाळ पाहायचं, मोजायचं. तिने "चला" म्हटलं की सगळ्यांनी निघायचं, तिथे वाद नाही. तिची त्या दिवशीची मोजणी आधी घ्यायची.

ऐन वेळी आपण कोणी हलत नाही, हे मी स्वतःवरून सांगते. पुड्यांवरची नजर निघत नाही. म्हणून हे आभाळ निरभ्र असतानाच ठरवायचं. या आठवड्यात मीटिंग नको, पण पुडे बांधायला सावलीत बसाल तेव्हा एवढं बोलून घ्या. कोणत्या गावाने काय ठरवलं ते मला सांगा, पुढच्या वेळी मी इथे सांगेन.

सांभाळून राहा बायांनो. सेवा जोहार.