चेनसॉ घेऊन झाडतोडीचं काम सुरू करताय? आधी झाडं मोजा, मग मशीन घ्या



नरखेड तालुका म्हणजे संत्र्याचा पट्टा. सावरगाव, जलालखेडा, मोवाड, कुठेही जा, जुन्या बागा दिसतातच. भारी काळ्या जमिनीत पाणी साचलं की डिंक्या लागतो, झाडं वाळत जातात आणि एक दिवस शेतकरी ठरवतो की ही बाग काढायची. शिवाय धुऱ्यावर बाभूळ, कडुनिंब असतो, घरामागे आंबा नाहीतर चिंच असते. कुऱ्हाडीने हे काम करणारी माणसं आता सहज मिळत नाहीत. म्हणून एक चेनसॉ आणि दोन मदतनीस घेऊन व्यवसाय सुरू करता येतो. पण बरेच जण दुकानात जाऊन "सगळ्यात मोठी दाखवा" म्हणतात, आणि गडबड तिथेच सुरू होते.

मशीन गिऱ्हाईकाच्या झाडावरून ठरते

दुकानात जायच्या आधी टेप घेऊन पाच-सहा वावरं फिरा. जिथे कापायचं तिथे खोडाचा घेर मोजा आणि त्याला 3.14 ने भागा, म्हणजे जाडी मिळते. घेर 63 इंच असेल तर जाडी साधारण 20 इंच. वहीत लिहीत चला. आठवड्याभरात कळेल की तुमच्या भागात कोणतं काम जास्त आहे.

- संत्र्याच्या बागा, फांद्या, लहान खोडं: 14 ते 16 इंचाचा बार आणि 35 ते 45 सीसी इंजिन पुरतं. मशीन हलकी असते. दिवसभर वाकून बुंधे कापताना हे वजनच महत्त्वाचं ठरतं.
- दीड फुटापर्यंतची बाभूळ, कडुनिंब: 18 ते 20 इंचाचा बार, 50 ते 60 सीसी. वाळलेली बाभूळ फार टणक असते, तिथे लहान इंजिन दमतं.
- अडीच-तीन फुटांचा आंबा, चिंच: 24 इंच किंवा त्याहून लांब बार आणि 70 सीसीच्या पुढचं इंजिन. अशी झाडं महिन्याला एखादं मिळणार असतील तर पहिल्या वर्षी ही मशीन घेऊ नका. ज्याच्याकडे आहे त्याला सोबत घ्या.

लहान इंजिनावर लांब बार बसवून भागत नाही. साखळीचा वेग पडतो, इंजिन तापतं, काम रेंगाळतं. आणि मशीन घेताना किंमत विचारायच्या आधी हे विचारा: साखळी, बार, कार्बोरेटरचे पार्ट काटोल किंवा नागपूरला मिळतात का? दुरुस्ती कोण करतं? पार्टसाठी आठ दिवस थांबावं लागलं तर स्वस्तात घेतलेली मशीनही महागच पडते.

साखळीची धार म्हणजे तुमची मजुरी

कापताना खाली काय पडतं ते बघा. जाड छिलके पडत असतील तर धार ठीक आहे. पिठासारखा बारीक भुसा पडला, किंवा मशीन दाबावी लागली, तर थांबा आणि कानस मारा. बोथट साखळीने पेट्रोल जास्त जातं, बार झिजतो आणि हाताला झटके बसतात.

गोल कानसचं माप साखळीच्या पिचवर ठरतं. .325 पिचला 4.8 मिमी, 3/8 लो-प्रोफाइलला 4 मिमी. साखळीच्या पाकिटावर माप आणि कोन लिहिलेला असतो. बहुतेक साखळ्यांना कोन 30 अंशांचा. प्रत्येक दाताला सारख्याच वेळा कानस मारा, नाहीतर काप वाकडा जातो.

आपल्याकडे धार जाण्याची दोन मोठी कारणं आहेत. एक म्हणजे माती. संत्र्याचा बुंधा जमिनीलगत कापताना साखळी मातीला लागली की धार लगेच गेली. म्हणून बुंध्याभोवतीची माती आधी फावड्याने ओढून घ्या, खोडावर चिकटलेली माती आणि बोर्डो पेस्ट खरवडून टाका. दुसरं कारण कुंपण. धुऱ्यावरच्या झाडाच्या पोटात जुनी तार, खिळे असतात. "भाऊ, या झाडाला कधी तार बांधली होती का?" हा प्रश्न मालकाला विचारायचाच.

डिंक्याचा रोग मातीतून पसरतो. रोगट बागेतून निघताना बूट, फावडं आणि मशीनला लागलेली माती तिथेच साफ करा. पुढच्या शेतकऱ्याच्या चांगल्या बागेत रोग नेला तर त्या गावात पुन्हा काम मिळणार नाही.

रोजची पंधरा मिनिटं

1. पेट्रोलमध्ये टू-टी ऑइल मॅन्युअलप्रमाणेच टाका. 50:1 म्हणजे लिटरला 20 मिली, 25:1 म्हणजे 40 मिली. अंदाजाने ओतू नका.
2. प्रत्येक वेळी पेट्रोल भरताना साखळीचं ऑइलही भरा. बार कोरडा चालला तर जळतो. गाडीचं काढलेलं काळं ऑइल वापरू नका.
3. साखळीचा ताण बघा. हाताने फिरली पाहिजे, पण बारच्या खाली लोंबायला नको.
4. संध्याकाळी एअर फिल्टर, बारची खाच आणि ऑइलचं छिद्र साफ करा. अधूनमधून बार उलटा करून बसवा, म्हणजे दोन्ही कडा सारख्या झिजतात.
5. हंगाम संपला की टाकी रिकामी करून मशीन बंद पडेपर्यंत चालवा. आजच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, ते ओलावा धरतं आणि पडून राहिलेलं पेट्रोल कार्बोरेटर खराब करतं.

दर सांगायच्या आधी हिशोब

आकडे उदाहरणादाखल आहेत, तुमचे स्वतःचे भरा. समजा दिवसाला पेट्रोल 420 रुपये, टू-टी ऑइल 40, साखळीचं ऑइल 500, साखळीची झीज 100, मशीनची झीज 150 (30,000 ची मशीन 200 दिवस धरून). झाले 1,210. दोन मदतनीसांचे 1,200. एकूण 2,410 रुपये. यात तुमची स्वतःची मजुरी अजून आलेलीच नाही! शेजाऱ्याचा दर 2,500 आहे म्हणून तुम्ही 2,400 सांगितलात तर खिशातले पैसे घालून काम करताय.

कागद आणि जीव

झाड स्वतःच्या वावरातलं असलं तरी महाराष्ट्र वृक्षतोड अधिनियम 1964 खाली आंबा, चिंच, मोह, जांभूळ, साग, खैर, चंदन अशा ठरावीक झाडांना परवानगी लागते. नरखेड, मोवाडसारख्या नगरपरिषदेच्या हद्दीत 1975 चा वेगळा कायदा आहे. वनपरिक्षेत्र कार्यालयात किंवा नगरपरिषदेत आधी विचारा, लाकूड बाहेर न्यायला वाहतूक पास लागतो का तेही विचारा. परवानगी मालकाने काढायची आणि तिची प्रत तुमच्या फाईलमध्ये आल्याशिवाय मशीन सुरू करायची नाही.

हेल्मेट, जाळी, कानाचं संरक्षण, बूट आणि पायाचं चेनसॉ-चॅप्स हा मशीनच्या किमतीचाच भाग धरा. बारच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला लागला की मशीन झटक्यात तोंडाकडे उसळते, म्हणून चेन ब्रेक रोज तपासा. झाड पाडताना पडायच्या बाजूला आधी खाच घ्या, मग मागून काप द्या आणि मध्ये जाडीच्या दहाव्या भागाएवढी बिजागरी ठेवा. तीच झाडाला दिशा देते. मागे तिरकी पळवाट मोकळी ठेवा. झाडाच्या उंचीच्या दुप्पट अंतरात कुणी नको. जवळ विजेची तार असेल तर महावितरणकडून लाइन बंद झाल्याशिवाय हात लावू नका.

मोठं झाड पहिल्यांदा एकट्याने पाडायचं नाही. जाणत्या माणसाबरोबर आधी काही दिवस मदतनीस म्हणून जा. त्या दिवसांची मजुरीही मिळेल आणि कोणतं काम नाही म्हणायचं हेही कळेल. या आठवड्याचं काम एवढंच: टेप, वही, पाच वावरं. मोजमाप झालं की दुकानात जा.