एकवीस किलो आणि दोन स्पोक

सायकलवरून लांबच्या सहलीला निघायचे म्हटले की घरून पहिला प्रश्न येतो, "किती दिवस?" आणि दुसरा, "बरोबर काय काय नेणार?" पहिल्याचे उत्तर आपल्याला तोंडपाठ असते. दुसऱ्याचे मात्र रस्त्यावर सापडते आणि कधी कधी त्याची किंमत आपल्याऐवजी सोबत्याला मोजावी लागते. माझ्या बाबतीत तसेच घडले, म्हणून हा लेखनप्रपंच.

डिसेंबर २०२२ मध्ये मी आणि माझा एक वर्गमित्र पुण्याहून ताम्हिणी घाटाने कोकणात उतरलो. माणगाव, म्हसळा, हरिहरेश्वर करीत बागमांडल्याला फेरीबोटीत बसायचे, खाडी ओलांडून वेसवीला उतरायचे आणि मग किनाऱ्याकिनाऱ्याने केळशी, हर्णै, दाभोळ, गुहागर असे रत्नागिरीपर्यंत जायचे, असा बेत होता. मुक्काम तंबूत. माझ्या सामानाचे वजन, पाणी सोडून, एकवीस किलो! त्यात काय नव्हते? दोन ब्लँकेटे, उशी, जीनच्या दोन पँटी, पाच शर्ट, गॅसची शेगडी, कुकर, चार-पाच किलो शिधा आणि 'रात्री वाचू' म्हणून घेतलेल्या दोन जाडजूड कादंबऱ्या. कुकर आईने आग्रहाने दिला होता, पण दोष तिचा नाही. नको म्हणायला मला तोंड होते.

वेसवी सोडल्यावर एका चढावर मागच्या चाकातून 'टण्' असा आवाज आला. थोड्या वेळाने आणखी एक. दोन स्पोक तुटले होते आणि चाक आऊट होऊन ब्रेकला घासू लागले होते. एका स्पोकचे वजन जेमतेम सहा-सात ग्रॅम. माझ्या एकवीस किलोंत अख्खा संसार होता, तेवढे दोन स्पोक नव्हते. मित्राने एक शब्द न बोलता माझे निम्मे सामान आपल्या कॅरिअरवर बांधले. दुसऱ्या दिवशी दापोलीला चाक दुरुस्त झाले, पण तोवर त्याचा गुडघा सुजला होता. तो तिथूनच माघारी गेला. या सहलीसाठी त्याने दिवाळीच्या सुटीत काम करून पैसे साठवले होते, हे मला नंतर कळले. मी एकटा गुहागरपर्यंत गेलो आणि परत फिरलो. ओझे माझे आणि सहल मोडली त्याची!

घरी आल्यावर मी या ओझ्याचा हिशेब मांडला. सपाट रस्त्यावर वजन फारसे जाणवत नाही. तिथे खरा विरोध वाऱ्याचा. चढावर मात्र प्रत्येक किलो आपल्यालाच वर उचलावा लागतो. माझे वजन अठ्ठावन्न किलो, सायकलचे सोळा, पाणी दोन किलो. त्यात एकवीस किलो सामान घातले की होतात सत्त्याण्णव. सामान आठ किलो असते तर चौऱ्याऐंशी. पायांतली ताकद तीच धरली, तर ज्या चढाला एक तास पुरला असता त्याला सुमारे नऊ मिनिटे जास्त लागणार. कोकणच्या किनाऱ्यावर एकच मोठा घाट नसतो. खाडीशी उतरायचे आणि पलीकडे पुन्हा सड्यावर चढायचे, असे दिवसातून चार-पाच वेळा चालते. ती नऊ मिनिटे अशी साठत जातात आणि गुडघ्यात मुक्कामाला राहतात.

स्पोकचेही तसेच. चाक फिरताना खाली येणारा स्पोक किंचित सैल होतो आणि वर जाताना पुन्हा ताणला जातो. भार जितका जास्त तितका हा फरक मोठा. तार पुन्हापुन्हा वाकवली की शेवटी तुटते, त्याच न्यायाने स्पोक थकतो. बसणाऱ्याचा बराचसा भार आधीच मागच्या चाकावर असतो. त्यावर आपण कुकर ठेवतो.

हलके सामान हा काही आजचा शोध नव्हे. टॉमस स्टीव्हन्स हा गृहस्थ १८८४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोहून उंच चाकाच्या सायकलवर निघाला आणि १८८६ मध्ये जपानला पोहोचला. निघताना त्याच्याजवळ मोजे, एक जादा शर्ट, एक पिस्तूल आणि एक रेनकोट होता. हा रेनकोटच रात्री त्याचा तंबू आणि अंथरूण व्हायचा. त्यानंतर टॉमस हायराम होल्डिंग या लंडनच्या शिंप्याने १८९७ मध्ये आयर्लंडात सायकलवर तंबू नेऊन सहल केली, १८९८ मध्ये तिच्यावर पुस्तक लिहिले आणि १९०१ मध्ये सायकलवरून तंबूची सहल करणाऱ्यांची संस्थाच काढली. हे काम एका शिंप्याच्या हातून व्हावे, हे मला फार अर्थपूर्ण वाटते. कापड कुठे पुरते आणि कुठे उगाच वाया जाते, हे शिंप्याइतके कोणाला कळणार?

आता प्रत्यक्ष सामानाकडे वळू. मी प्रत्येक वस्तू हातात घेऊन तीन प्रश्न विचारतो. ही रोज लागणार का? रोज लागणार नसेल, तर नसल्याने सहल अडेल का? आणि वाटेत ती मिळेल का? कुकर पहिल्याच प्रश्नाला पडला. किनाऱ्यावर गावे जवळजवळ आहेत आणि खानावळीत भात-आमटी मिळते. शेगडी, शिधा, भांडी सगळेच गळाले. स्पोक रोज लागत नाही, पण तो नसला तर सहल अडते आणि आडगावी मिळतही नाही. तो आला.

अशा रीतीने झालेली माझी यादी देतो. दोघांत एक तंबू. त्यातला माझा वाटा अकराशे ग्रॅम. अंथरायला फोमची चटई साडेतीनशे, पांघरायला पातळ गोधडी नऊशे. अंगावरचे सोडून कपड्यांचा एक जोड, रात्रीचे कपडे, पातळ रेनकोट आणि पंचा मिळून दीड किलो. टॉवेल नको, पंचा लवकर वाळतो. डबा, मग आणि चमचा तीनशे. दाणे, गूळ, चिक्की सहाशे. पंप, ट्यूब, पंक्चरचे सामान, पाने, तीन स्पोक आणि तेलाची बाटली अकराशे. औषधे, साबण वगैरे साडेतीनशे. बॅटरी, मोबाइलचा चार्जर आणि पॉवर बँक सहाशे. पिशव्या आणि दोरी चौदाशे. एकूण आठ किलो दोनशे ग्रॅम. स्पोक मात्र आपल्याच चाकाच्या लांबीचे घ्यावेत आणि ते बसवायला घरी एकदा शिकावे. वापरता न येणारे हत्यार हेही ओझेच.

बांधण्याची रीतही महत्त्वाची. जड वस्तू पिशव्यांत तळाशी, दोन्ही बाजूंना सारख्या वजनाच्या. कॅरिअरवर उंच डोलारा केला की उतारावर सायकल डुलते. पाण्याच्या बाटल्या मधल्या दांड्यांना अडकवाव्यात.

हलके करण्याच्या नादात चार गोष्टी मात्र कापू नयेत: पाणी, दुरुस्तीचे सामान, औषधे आणि दिवा. सहलीहून परतल्यावर सामानाचे तीन ढीग करावेत: रोज वापरलेले, एकदा वापरलेले आणि न वापरलेले. तिसऱ्या ढिगातल्या या चार जातीच्या वस्तू परत पिशवीत टाकाव्यात, बाकीच्या कायमच्या कपाटात. पहिल्या सहलीचा माझा तिसरा ढीग सर्वांत मोठा होता. त्यातली एकेक वस्तू म्हणजे माझी एकेक भीती होती. थंडी वाजली तर, भूक लागली तर, कंटाळा आला तर! गावात माणसे असतात, देवळाच्या ओसरीत परवानगी मागितली तर पाठ टेकायला जागा मिळते, हे मी जमेला धरलेच नव्हते.

डिसेंबर २०२३ मध्ये मी त्या मित्राला पुन्हा विचारले. तो आधी काही बोलला नाही. मग म्हणाला, "येतो. पण तुझ्या पिशव्या मी तपासणार." निघण्याच्या आदल्या दिवशी त्याने कोपऱ्यावरच्या वाण्याच्या काट्यावर त्या ठेवल्या आणि आतले एकेक बाहेर काढले. तळाशी, यादीत नसलेले, कवितांचे एक पातळ पुस्तक निघाले. मी गप्प राहिलो. त्याने ते हातात तोलले आणि परत आत ठेवले.

"हे राहू दे," तो म्हणाला, "स्पोक दाखव."

मी दाखवले. या खेपेस आम्ही दोघेही रत्नागिरीला पोहोचलो.