वाढदिवसाचा केक आणि आजींचा ‘उपास’

आमच्या घरी धाकट्या चिरंजीवांच्या वाढदिवशी काही वर्षे एक प्रसंग न चुकता घडत असे. केक कापला जाई, पहिला तुकडा घेऊन स्वारी थेट आजीच्या खुर्चीपाशी धाव घेई, आणि सासूबाई त्याच्या डोक्यावरून हात फिरवीत म्हणत, “मला नको रे बाळा, आज माझा उपास आहे.” वस्तुतः उपास वगैरे काही नसे. त्यांना मधुमेह असल्याचे निदान झालेले होते, आणि मुलाच्या आनंदात आजाराची भाषा नको म्हणून त्या उपासाचा आडोसा घेत. गेल्या वर्षी मात्र त्याने विचारले, “आजी, माझ्या वाढदिवसालाच तुझा उपास कसा गं येतो?” सासूबाई हसल्या, पण तो तुकडा तसाच बशीत राहिला, आणि रात्री तो झाकून ठेवताना आमच्या मनाला फार लागले.

त्याच रात्री आम्ही ठरविले की, पुढच्या वाढदिवसाचा केक घरी करायचा, आणि तो असा करायचा की त्यातला लहानसा तुकडा सासूबाईंनाही खाता यावा.

तसे पाहिले तर भट्टीत भाजलेला गोड पदार्थ आम्हां बडोदेकरांना नवा नाही. दिवाळीच्या आधी घरचा मैदा, साखर आणि तूप घेऊन बेकरीत जायचे आणि पत्र्याच्या डब्यात खमंग नानकटाई भरून आणायची, ही रीत वडीलधाऱ्या मंडळींना चांगली आठवत असेल. भट्टी परक्याची असली तरी आत काय पडले हे घरच्या बाईला ठाऊक असे. आज केकचा खोका आयता घरात येतो तेव्हा नेमके हेच ठाऊक नसते. त्यावरील पांढरेशुभ्र क्रीम पुष्कळदा दुधाचे नसतेच. ते घट्ट केलेल्या वनस्पती तेलाचे असते. अशा चरबीतील ‘ट्रान्स फॅट’ हा घटक हृदयाला घातक, म्हणून जानेवारी २०२२ पासून आपल्या देशात खाद्यतेले व चरबी यांत त्याचे प्रमाण दोन टक्क्यांहून अधिक असू नये असा नियम झाला. नियम झाला हे उत्तमच. परंतु साखर किती घातली आहे, हे डोळ्यांना दिसत नाही ते नाहीच.

उत्साहाच्या भरात आमचा पहिला प्रयोग पुरता फसला. मैदा वाईट म्हणून सगळी कणीक घेतली, साखर वाईट म्हणून तेवढाच गूळ घातला, तेल वाईट म्हणून ते निम्म्यावर आणले. भांड्यातून जी वस्तू निघाली तिला केक म्हणण्यापेक्षा वीट म्हणणे अधिक योग्य ठरले असते. दुसऱ्या खेपेस फुगावा म्हणून सोडा सढळ हाताने टाकला, तर चवीला साबण लागला. चिरंजीवांनी एक घास घेतला आणि मोठ्या समजूतदारपणे म्हणाले, “पोट भरलं.”

मग मात्र आम्ही शांतपणे विचार केला. आमच्या शहरातील महाराजा सयाजीराव विश्वविद्यालयात, श्रीमती हंसा मेहता कुलगुरू असताना, १९५० साली गृहविज्ञानाची विद्याशाखा सुरू झाली. स्वयंपाक हीसुद्धा मोजण्या-मापण्याची व कारणे शोधण्याची विद्या आहे, हा विचार ज्या गावात इतक्या आधी रुजला, त्या गावात राहून आपण अंदाजपंचे केक करावा हे काही बरे नव्हे!

कारणे शोधू लागताच चुका उमगल्या. कणकेतला कोंडा पाणी पुष्कळ शोषतो आणि पीठ फुगताना त्याची जाळी तोडतो. म्हणून निव्वळ कणकेचा केक कोरडा व दडस होतो. निम्म्याहून थोडी अधिक कणीक, उरलेला मैदा, आणि कणकेला भिजायला थोडा वेळ, एवढे केले की हा दोष जातो. साखर केवळ गोडी देत नाही, ओलावाही धरून ठेवते. तेव्हा ती अगदी काढून टाकता येत नाही. तिसरा हिस्सा मात्र खुशाल कमी करता येतो. तेल पातळच राहते, म्हणून तेलाचा केक दुसऱ्या दिवशीही मऊ असतो. सोड्याला आंबटाची जोड लागते, ती दही देते. आंबटापेक्षा सोडा अधिक झाला की तो शिल्लक राहून साबणासारखी चव येते.

गुळाविषयी स्पष्टच सांगावयास हवे, कारण पुष्कळ घरांत याबाबत गैरसमज आहे. गूळ हाही मुख्यतः साखरच. त्यात थोडेफार क्षार असतात हे खरे. परंतु रक्तातील साखर तो जवळजवळ तितकीच वाढवितो. गुळाचा केक चवीसाठी अवश्य करावा. पण मधुमेह्याला निर्धोक म्हणून वाढू नये.

कोकोमुळे एक सोय होते. १८२८ साली हॉलंडमधील व्हान हाउटेन घराण्याने कोकोच्या बियांतील चरबी दाबून काढण्याच्या रीतीचे पेटंट मिळविले, तेव्हापासून आजची कोकोची पूड प्रचारात आली. चॉकलेटच्या वडीत साखर व चरबी दोन्ही असतात. बिनसाखरेच्या कोकोत साखर घातलेली नसते आणि चरबीही कमी असते. तेव्हा डब्यावर ‘बिनसाखरेचा’ असे लिहिलेले पाहूनच कोको घ्यावा. पेय करण्याच्या चॉकलेट पुडीत बरीच साखर असते. ती येथे चालणार नाही.

चार-पाच खेपांनंतर जमलेली आमची कृती अशी :

साहित्य : चाळलेली कणीक १०० ग्रॅम, मैदा ८० ग्रॅम, कोको ३० ग्रॅम, साखर १२० ग्रॅम, ताजे गोडसर दही २०० ग्रॅम, वास नसलेले तेल ८० मिलिलिटर, गरम पाणी १०० मिलिलिटर, बेकिंग पावडर एक सपाट चहाचा चमचा, खाण्याचा सोडा अर्धा सपाट चहाचा चमचा, कॉफीची पूड अर्धा चमचा, व्हॅनिला इसेन्स एक चमचा, चिमूटभर मीठ. आवडीप्रमाणे मूठभर अक्रोड. अंडे नसल्यामुळे शेजारच्या गुजराती मैत्रिणींकडेही हा केक निःसंकोच पाठविता येतो.

कृती : दही, साखर व तेल एकत्र फेटून साखर विरघळू द्यावी. त्यात कणीक हलक्या हाताने मिसळून पंधरा मिनिटे झाकून ठेवावी. तोवर कोको, कॉफी व मीठ गरम पाण्यात गुठळी न होऊ देता कालवावे. गरम पाण्याने कोकोचा स्वाद खुलतो, आणि कॉफीमुळे कमी साखरेची उणीव फारशी जाणवत नाही. हे मिश्रण कोमट झाले की इसेन्ससह दह्याच्या मिश्रणात ओतावे. मैदा, बेकिंग पावडर व सोडा दोनदा एकत्र चाळून शेवटी घालावा, आणि पीठ दिसेनासे होईपर्यंतच ढवळावे. अधिक घोटल्यास केक चिवट होतो. मिश्रण भज्यांच्या पिठाइतके सैल असावे. घट्ट वाटल्यास दोन-तीन चमचे दूध घालावे. सोडा पडल्यावर मिश्रण ताटकळत ठेवू नये. तळाशी कागद घातलेल्या व तेलाचा हात लावलेल्या सात इंची गोल भांड्यात ते लगेच ओतावे आणि वर अक्रोडाचे तुकडे पेरावेत.

ओव्हन आधी १८० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून केक ३५ ते ४० मिनिटे भाजावा. ओव्हन नसल्यास जाड बुडाच्या जुन्या पातेल्यात इंचभर वाळू किंवा जाडे मीठ पसरावे, वर तिवई ठेवावी आणि झाकण घालून दहा मिनिटे मध्यम आचेवर तापवावे. मग केकचे भांडे आत ठेवून मंद आचेवर सुमारे ५० मिनिटे भाजावे. पहिला अर्धा तास झाकण उघडू नये; मधेच गार हवा लागल्यास केक बसतो. विणायची सुई मधोमध खुपसून पाहावी. ती कोरडी निघाली की केक झाला. पुरता गार झाल्यावरच कापावा. वर क्रीम नको. शोभेसाठी डाळिंबाचे दाणे पुरेसे आहेत.

आता थोडा हिशेब. या मापाला नेहमीच्या कृतीत २०० ग्रॅम साखर पडते, वरचे क्रीम निराळेच. आमच्या केकचे १२ तुकडे केले तर प्रत्येकात १० ग्रॅम साखर आणि सुमारे १६० किलोकॅलरी येतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या शिफारशीनुसार वरून घातलेली साखर एकूण उष्मांकांच्या दहा टक्क्यांहून कमी असावी. पाच टक्क्यांच्या आत, म्हणजे दिवसाला सुमारे २५ ग्रॅमपर्यंत राहिल्यास अधिक चांगले. म्हणजे एक तुकडा या मर्यादेत बसतो. तीन तुकडे बसत नाहीत. पीठ व साखर मिळून एका तुकड्यातील पिष्टमय भाग साधारण एका मध्यम पोळीइतका भरतो.

हा हिशेब कागदावर लिहून आम्ही सासूबाईंच्या डॉक्टरांना दाखविला. त्यांनी तो नीट वाचून सांगितले की, त्यांची साखर सध्या आटोक्यात आहे. त्या दिवशी जेवणात एक पोळी कमी करून जेवणाबरोबरच एक तुकडा घेण्यास हरकत नाही. हा सल्ला आमच्या सासूबाईंपुरता आहे. प्रत्येकाची औषधे आणि प्रकृती निराळी. तेव्हा ज्यांच्या घरी असे दुखणे असेल त्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय आमचे अनुकरण करू नये.

यंदाच्या वाढदिवशी केक जेवणाच्या पानावरच कापला. चिरंजीव सवयीने तुकडा घेऊन आजीसमोर उभे राहिले आणि उत्तराची वाट न पाहता म्हणाले, “आज उपास आहे ना?” सासूबाईंनी पानातली एक पोळी बाजूला काढून ठेवली, नातवाला जवळ बसविले आणि खरे कारण त्याला समजेल अशा शब्दांत सांगितले. त्याने सगळे ऐकून घेतले व विचारले, “मग एक चालेल?” “एक चालेल,” त्या म्हणाल्या आणि त्यांनी तो तुकडा सावकाश, चवीने खाल्ला. दुसरा मात्र त्यांनी मागितला नाही आणि आम्हीही आग्रह केला नाही.

केक हा काही औषधी पदार्थ नव्हे, आणि घरी केला म्हणून तो रोज खाण्याजोगाही होत नाही. मात्र त्यात काय आणि किती पडले हे आपल्याला ठाऊक असते, म्हणून कोणाला किती वाढायचा हे ठरविता येते, आणि घरातल्या थोरांना सणावारी खोट्या उपासाचा आधार घ्यावा लागत नाही. वाचक भगिनींनी एखाद्या रविवारी हा प्रयोग अवश्य करून पाहावा. पहिला केक थोडा दडस झाला तरी नाराज होऊ नये. आमच्या विटेहून तो खचित बरा होईल!