इंडिया म्युझियमची वांटणी

एखादें पदार्थसंग्रहालय बंद पडलें म्हणजे तेथील वस्तु नष्ट झाल्या, असा सामान्य समज आहे. वस्तुस्थिति बहुधा निराळी असते. शिळा, नाणें, ताम्रपट यांस कोणी ना कोणी धनी मिळतोच. तुटतो तो त्यांचा परस्परांशीं असलेला संबंध, म्हणजे कोणती वस्तु कोणीं, कोठून व कोणत्या कागदासह आणली हें सांगणारी सांखळी. लंडन येथील ईस्ट इंडिया कंपनीच्या संग्रहालयाची हकीकत या दृष्टीनें फार बोलकी आहे. आपल्या देशांतील पुष्कळ सामग्री तींत गुंतलेली असल्यामुळें ती येथें थोडक्यांत देत आहों.

इ. स. १८०१ मध्यें कंपनीनें लेडनहॉल स्ट्रीटवरील आपल्या मुख्य कचेरींत चार्ल्स विल्किन्स यास ग्रंथपाल नेमिलें, आणि ग्रंथालय व संग्रहालय हीं एकत्रच उभीं राहिलीं. पोथ्या आणि वस्तु एकाच छपराखालीं होत्या, ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. श्रीरंगपट्टण १७९९ सालीं पडल्यावर तेथून नेलेला, गोऱ्या माणसावर झडप घातलेला टिपूचा लांकडी वाघ १८०८ पासून तेथें मांडलेला होता. पंजाब १८४९ सालीं खालसा झाल्यावर रणजितसिंगाचें सोनेरी सिंहासनही तेथेंच गेलें. १८५८ सालीं कंपनीचें राज्य संपलें, १८६१ सालीं कचेरी सोडावी लागली, आणि संग्रहालयाचें बिऱ्हाड पाठीवर आलें. प्रथम व्हाइटहॉलमधील फाइफ हाउस, १८६९ त इंडिया ऑफिसचा वरचा मजला, १८७५ त साउथ केन्सिंग्टन येथील भाड्याचीं दालनें, असा त्याचा प्रवास झाला. खर्च हिंदुस्थानच्या तिजोरींतून! तो जड वाटूं लागला व १८७९ सालीं संग्रहालय मोडलें.

कलाकुसरीच्या वस्तु, शस्त्रें व कापड हीं साउथ केन्सिंग्टन म्युझियमकडे गेलीं. यासच १८९९ पासून व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम म्हणतात. शिल्पें व उत्खननांतील पुरावस्तु ब्रिटिश म्युझियमनें घेतल्या, प्राण्यांचे नमुने त्याच्याच प्राणिविभागास मिळाले, वनस्पतिजन्य पदार्थ क्यू येथील उद्यानास. नाणीं मागाहून १८८२ त ब्रिटिश म्युझियममध्यें पोहोंचलीं. ग्रंथालय मात्र इंडिया ऑफिसांतच राहिलें. वांटणी करणारांनीं वस्तूची जात पाहिली, कूळ पाहिलें नाहीं.

त्याचा परिणाम अमरावतीच्या शिळांवरून स्पष्ट दिसतो. कृष्णातीरींच्या या स्तूपाचीं चित्रें कर्नल कॉलिन मॅकेन्झी यानें १८१६ नंतरच्या चार वर्षांत काढविलीं. १८४५ सालीं वॉल्टर इलियट यानें तेथें खणून शिळा मद्रासेस नेल्या आणि त्यांपैकीं शंभरांवर १८५९ त विलायतेस रवाना झाल्या. त्या वर्षभर टेम्स नदीच्या धक्क्यावरील वखारींत पडून होत्या. नंतर फाइफ हाउसच्या गाडीखान्यांत रचिल्या गेल्या. ज्या बाहेर राहिल्या त्यांनीं लंडनचा पाऊस आणि कडाका सोसला. १८६७ सालीं जेम्स फर्ग्युसन यास त्या गाडीखान्यांत आढळल्या व पुढील वर्षीं त्यानें त्यांवर ग्रंथ छापला. म्हणजे संग्रहालय उघडें असतांही त्या हरवलेल्याच होत्या! १८८० सालीं त्या ब्रिटिश म्युझियममध्यें गेल्या. मॅकेन्झीचीं चित्रें ग्रंथालयांतच राहिलीं. त्या चित्रांतील कित्येक शिळा आज कोठेंच उपलब्ध नाहींत. त्यामुळें ज्यास स्तूपाची मूळ रचना जुळवावयाची असेल त्यानें एका संस्थेंत शिळा पाहाव्या, दुसरींत चित्रें, आणि उरलेल्या शिळांकरितां चेन्नईच्या सरकारी संग्रहालयांत यावें.

चार्ल्स मॅसनच्या संग्रहाची गत याहून विलक्षण झाली. १८३३ ते १८३८ या काळांत यानें कंपनीच्या पैशानें काबूल व जलालाबाद या भागांतील स्तूप उकरले आणि बेग्राम येथून हजारों नाणीं जमविलीं. कोणत्या स्तूपांत कोणतें करंडक व कोणतीं नाणीं एकत्र निघालीं याचीं टिपणें त्यानें लिहून ठेविलीं. कुशाण राजांचा काल ठरविणारांस हा एकत्रपणाच मोलाचा आहे. पण टिपणें ग्रंथालयाच्या दप्तरांत गेलीं, करंडकें ब्रिटिश म्युझियममध्यें, आणि नाण्यांचा कांहीं भाग १८८७ सालीं लिलांवांत निघाला. हजारों नाणीं तर ग्रंथालयाच्याच कोठारांत शंभर वर्षांवर निजून राहिलीं. इंडिया ऑफिसचें ग्रंथालय १९८२ पासून ब्रिटिश लायब्ररींत सामील आहे. तेथून तीं १९९५ सालीं ब्रिटिश म्युझियमकडे आलीं, आणि मग टिपणें समोर ठेवून तीं लावण्याचें काम सुरू झालें.

हस्तलिखितांचीही फाळणी झाली, परंतु ती आधींच. मॅकेन्झी १८२१ त वारल्यावर त्याचा संग्रह कंपनीनें विकत घेतला. कांहीं भाग लंडनला गेला. दक्षिणी भाषांतील पुष्कळसा मद्रासेस आला, त्यांत मराठीही आहे. लंडनमधील मराठी हस्तलिखितांची ब्लुमहार्ट व कान्हेरे यांची सूचि १९५० सालीं प्रसिद्ध झाली. तेव्हां ती एकटीच पाहून मॅकेन्झीच्या मराठी कागदांविषयीं निर्णय देणें आम्हांस धाडसाचें वाटतें.

संग्राहकांस उपयोगी अशी एक गोष्ट क्रमांकांची. ब्रिटिश म्युझियममधील अमरावतीच्या शिळांवर '१८८०, ०७०९' असा आंकडा असतो. तो ९ जुलै १८८० ही दाखल झाल्याची तारीख होय, सांपडल्याची नव्हे. व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्यें टिपूच्या वाघास '२५४५ (आय. एस.)' व रणजितसिंगाच्या सिंहासनास '२५१८ (आय. एस.)' असे क्रमांक आहेत. हीं दोन अक्षरें त्या संस्थेच्या हिंदी विभागाचीं. प्रसिद्ध वस्तूंची पूर्वपीठिका इतर साधनांनीं कळते. सामान्य कट्यारीपुढें किंवा शेल्यापुढें पुष्कळदां 'इंडिया म्युझियमकडून, १८७९' येवढीच नोंद मिळते. ती कोणत्या गांवची, कोणाच्या घरची, हें शोधावयाचें तर मूळ संग्रहालयाच्या जुन्या याद्या व प्रदर्शनांच्या छापील सूची यांकडेच वळलें पाहिजे.

याच संग्रहालयांत जाणूनबुजून केलेली एक वांटणीही घडली, आणि ती चांगली उतरली. फोर्ब्स वॉटसन यानें तेथील कापडांचे ७०० तुकडे कापून १८६६ सालीं १८ खंडांत चिकटविले व असे २० संच केले. १३ विलायतेंत ठेवून ७ हिंदुस्थानांत पाठविले. अखंड वस्त्रांस कात्री लावणें आम्हांस रुचत नाहीं. तरीपण प्रत्येक तुकड्याशीं गांव, लांबीरुंदी, वजन व किंमत लिहिलेली असल्यामुळें, ज्या पेठेचें विणकाम आज थांबलें आहे तेथील कापडही त्यांत आपल्या नांवगांवासह सांपडतें.