चारशे स्फोटांमागे एक थेंब

उन्हाळ्यात चाळिशी सहज ओलांडणाऱ्या परभणीत हिवाळ्यातल्या काही पहाटे कृषी विद्यापीठाच्या वेधशाळेतला पारा पाच अंशांच्याही खाली उतरतो. अशा पहाटे रात्रभर उघड्यावर उभी असलेली एखादी दमदार टर्बो-पेट्रोल गाडी सुरू करून पाहा. सेल्फ मारताच इंजिन अडखळतं, मिसिंग मारतं, कधी सायलेन्सरमधून निळसर धूर सोडतं आणि मिनिटाभरात सुरळीत चालू लागतं. पुढे महिन्याभराने डिपस्टिक काढावी, तर तेल खाली गेलेलं! मालक गॅरेजमध्ये दोन तक्रारी सांगतो: सकाळी गाडी नीट चालू होत नाही, आणि इंजिन ऑइल खातंय. गंमत अशी, की या दोन्हींचा माग काढत गेलं तर आपण पुष्कळदा एकाच जागी पोचतो. ती जागा म्हणजे केसाहून कितीतरी पातळ असा तेलाचा एक थर.

उदाहरणाला गाडी मराठवाड्यातलीच घेऊ. छत्रपती संभाजीनगरजवळच्या शेंद्र्यात 2001 च्या अखेरीस स्कोडाचा कारखाना सुरू झाला आणि तिथे ऑक्टाव्हियाची जुळणी होऊ लागली. तिचीच वेगवान बहीण ऑक्टाव्हिया आरएस 2004 मध्ये भारतात आली. 1.8 लीटरचं टर्बो इंजिन, 150 अश्वशक्ती आणि दर सिलिंडरला पाच-पाच व्हॉल्व्ह!

या इंजिनाचा ब्लॉक बिडाचा आणि त्यात धावणारे पिस्टन ॲल्युमिनियमचे. तापल्यावर ॲल्युमिनियम बिडाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं. मग थंडीत सिलिंडरमध्ये घट्ट बसणारा पिस्टन तापल्यावर अडकून बसणार नाही का? अडकेल. म्हणून तो मुद्दामच किंचित ‘वाकडा’ घडवतात. वरून पाहिला तर तो पुरता गोल नसतो, थोडा लंबगोल असतो. आणि स्फोटाचा जाळ सोसणारा माथा जास्त फुगणार, म्हणून तो खालच्या भागापेक्षा अरुंद ठेवतात. इंजिन तापलं की हा पिस्टन फुगत फुगत आपल्या खऱ्या आकाराला येतो. म्हणजे पहाटेच्या गारठ्यात आपण जे इंजिन सुरू करतो, ते अजून घडायचंच असतं!

तोवर मधली फट सांभाळायची ती तेलाने. पण थंडीत खोबरेल बाटलीतून हलत नाही, तसं इंजिन ऑइलही जडावतं. पाच अंशांना ते शंभर अंशांच्या तेलापेक्षा तीसेक पट घट्ट असतं. यावर रसायनशास्त्रज्ञांनी काढलेली युक्ती मला फार आवडते. आजच्या तेलात पॉलिमरचे लांबलचक रेणू विरघळवलेले असतात. थंडीत ते गुंडाळून पडून राहतात, तेलाला आणखी जड करत नाहीत; उष्णता वाढली की उलगडतात आणि तेलाला गरजेपेक्षा पातळ होऊ देत नाहीत.

आता त्या थराकडे येऊ. पिस्टनभोवती तीन रिंगा असतात. वरच्या दोन मुख्यतः वायू अडवतात, तिसरी सिलिंडरच्या भिंतीवरचं जादा तेल खरवडून खाली धाडते. मागे उरतो साधारण एक मायक्रॉनचा पापुद्रा. आपला केस सत्तरेक मायक्रॉनचा असतो, म्हणजे अंदाज करा. काही कंपन्या हजार किलोमीटरमागे अर्ध्या लीटरपर्यंत तेल जळणं सामान्य मानतात. ऐकायला हा आकडा भयंकर वाटतो, पण जरा हिशोब करू. ताशी 60 च्या वेगाने हजार किलोमीटर म्हणजे हजार मिनिटं. मिनिटाला 2,000 फेरे धरले, तर चार सिलिंडरांत मिळून 40 लाख स्फोट. अर्ध्या लीटरचे थेंब होतात सुमारे 10,000. म्हणजे चारशे स्फोटांमागे एक थेंब! भिंतीवरचा सगळा पापुद्रा दर स्फोटाला जळाला असता, तर त्याच हजार किलोमीटरमध्ये 88 लीटर तेल लागलं असतं. ज्या इंजिनाला आपण तेलपिणं म्हणतो, तेही त्या थरातला सुमारे पावणेदोनशेवा हिस्सा तेवढा जाळत असतं.

एवढ्या नाजूक हिशोबात जराशी चूकही महागात पडते. तेलाच्या रिंगेपासून तेल परत जायची भोकं काजळीने बुजली, की थर जाड होतो. 2009 ते 2011 च्या काही ऑडी ए4 गाड्यांच्या तेल खाण्यावरून अमेरिकेत मालक न्यायालयात गेले आणि कंपनीला तडजोड करावी लागली. तेल वरूनही येतं. व्हॉल्व्हच्या दांडीवरचं रबरी सील कडक झालं, की गाडी उभी असताना तेल थेंब थेंब खाली झिरपतं आणि पहाटे पहिल्याच स्फोटांत जळतं. तो निळसर धूर त्याचाच. पांढरी वाफ दिसली, तर ते बहुधा नुसतं पाणी असतं.

दोन्ही तक्रारींची गाठ खरी पडते ती नव्या, थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल फवारणाऱ्या इंजिनांत. टर्बोच्या दाबामुळे थोडा वायू रिंगांना चुकवून खाली निसटतो आणि तेलाचं धुकं बरोबर घेऊन हवेच्या वाटेने पुन्हा वर येतो. जुन्या इंजिनात पेट्रोलचा फवारा व्हॉल्व्हच्या पाठीवर पडायचा आणि ती धुऊन निघायची. आता तिथे पेट्रोल पोचतच नाही. तेलकट धुकं व्हॉल्व्हवर भाजत राहतं, त्याचे काळे थर चढतात, आत येणारी हवा त्यांना अडखळते आणि गारठलेलं इंजिन मिसिंग मारतं.

पण सगळाच खडबडीतपणा म्हणजे आजार नव्हे. थंडीत पेट्रोलची वाफ पुरेशी होत नाही, म्हणून गाडीचा संगणक जास्त पेट्रोल सोडतो आणि फेरे वाढवतो. शिवाय ठिणगी तो मुद्दाम उशिरा पाडतो! का? जळणाची उष्णता सायलेन्सरच्या वाटेला जावी आणि धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर लवकर तीनशे अंशांच्या आसपास पोचून कामाला लागावा म्हणून. पहिल्या मिनिटाची ती घरघर बऱ्याच अंशी ठरवून केलेली असते.

या जादा पेट्रोलचं पुढे काय होतं? त्यातलं थोडं न जळता भिंतीवरून ओघळून तेलात मिसळतं. गाडी रोज घर ते वसमत रोड आणि परत एवढीच फिरत असेल, तर तेल पुरतं तापतच नाही आणि पेट्रोल त्यात साठत जातं. इंजिन एकीकडे तेल जाळतंय, दुसरीकडे पेट्रोल त्याची जागा भरतंय. डिपस्टिक मात्र तीच पातळी दाखवते. मग एक दिवस गाडी संभाजीनगरला निघते. तासाभरात तेल चांगलं तापतं, पेट्रोल त्यातून उडून हवेच्या वाटेने पुन्हा सिलिंडरमध्ये शिरतं. मुक्कामी पोचून डिपस्टिक पाहणाऱ्याला वाटतं, गाडीने एका दिवसात एवढं तेल प्यायलं! प्रत्यक्षात ते तेल महिनाभर परभणीतच थोडं थोडं जळत होतं. आज जालन्याच्या अलीकडे-पलीकडे जळलं ते त्याच्या जागी दडून बसलेलं पेट्रोल.