ग्राफिक्स ड्रायव्हर : नवा टाकावा की जुनाच राहू द्यावा?



ज्या घरात गेम खेळायचा कॉम्प्युटर आहे, त्या घरात आजचा विषय लगेच ओळखीचा वाटेल. स्क्रीनच्या कोपऱ्यात एक चौकट येते, ‘नवीन ग्राफिक्स ड्रायव्हर उपलब्ध आहे.’ लेक विचारते, “आई, टाकू का?” आपण म्हणतो, “चाललंय ना नीट? मग कशाला हात लावतेस?” खरं सांगायचं तर दोघींचंही थोडं थोडं बरोबर असतं. कधी कुणाचं ऐकायचं, ते आज आपण पाहू.

आधी हा ड्रायव्हर म्हणजे काय ते समजून घेऊ. गेममधली चित्रं तयार करण्यासाठी कॉम्प्युटरमध्ये एक वेगळा भाग असतो, त्याला ग्राफिक्स कार्ड म्हणतात. ही कार्डं मुख्यतः तीन कंपन्यांची असतात : एनव्हिडिया, एएमडी आणि इंटेल. गेम आणि विंडोज एक भाषा बोलतात, कार्डाची भाषा दुसरी. या दोघांमधला दुभाषा म्हणजे ड्रायव्हर. तो हाताला लागणारी वस्तू नाही, ते एक सॉफ्टवेअर आहे आणि कंपनी ते फुकट देते. बाजारात नवे गेम आले की त्यांचे नवे शब्द या दुभाष्याला शिकवावे लागतात. म्हणून मोठा गेम निघाला की त्याच सुमाराला नवा ड्रायव्हरही येतो.

मग प्रत्येक नवा ड्रायव्हर टाकायलाच हवा का? नाही. पुढच्या चारपैकी एखादं कारण असेल तर जरूर टाकावा.

पहिलं, घरात नवा गेम आला आहे आणि तो सुरूच होत नाही, किंवा ‘ड्रायव्हर जुना आहे’ असं तो गेमच सांगतो आहे. दुसरं, एखाद्या गेममध्ये चित्र फाटतं, चमकतं किंवा गेम मध्येच बंद पडतो. नव्या ड्रायव्हरबरोबर कंपनी एक माहितीपत्रक देते. काय दुरुस्त केलं आणि कोणते दोष अजून शिल्लक आहेत, या दोन्ही याद्या त्यात असतात. आपल्या गेमचं नाव दुरुस्तीच्या यादीत असेल तर नवा ड्रायव्हर आपल्या कामाचा. तिसरं कारण सुरक्षेचं. ड्रायव्हर विंडोजच्या अगदी गाभ्यात काम करतो. त्यात फट राहिली तर वाईट हेतूचा प्रोग्रॅम तिथून आत शिरू शकतो. ज्या कॉम्प्युटरवरून आपण बँकेचे व्यवहार करतो, तिथे सुरक्षेची दुरुस्ती टाळू नये. चौथं, कार्डच नवं आहे. इंटेलची आर्क कार्डं २०२२ साली आली तेव्हा जुने गेम त्यांच्यावर अडखळत होते. पुढच्या काही महिन्यांत नुसत्या ड्रायव्हरच्या सुधारणांनी त्यांत चांगलाच फरक पडला.

यातलं एकही कारण नसेल आणि गेम नीट चालत असेल, तर थांबायला हरकत नाही. नवं म्हणजे चांगलंच, असं ड्रायव्हरच्या बाबतीत नेहमी होत नाही. मार्च २०१० मध्ये एनव्हिडियाने १९६.७५ या क्रमांकाचा ड्रायव्हर काढला. त्यामुळे काही कार्डांच्या पंख्याचा वेग बिघडला आणि कार्डं तापू लागली. कंपनीला तो मागे घ्यावा लागला. ऑक्टोबर २०२३ मध्ये एएमडीच्या नव्या ड्रायव्हरमध्ये एक सोय होती, अँटी-लॅग प्लस. ती गेमच्या आतल्या कामात ढवळाढवळ करायची. त्यामुळे ‘काउंटर-स्ट्राइक २’ या गेमच्या पहारेकरी प्रोग्रॅमला वाटलं की खेळाडू फसवणूक करताहेत, आणि काहींची खाती बंद झाली. तो ड्रायव्हरही मागे घेतला गेला. मुलांनी खोडी केली नव्हती, नवा ड्रायव्हर पहिल्याच दिवशी टाकला होता, एवढंच.

म्हणून आम्ही सांगू की आठ-पंधरा दिवस जाऊ द्या. काही मोठा घोळ असेल तर तेवढ्यात तो बाहेर येतो. आणखी एक पथ्य पाळा. मुलीचा प्रोजेक्ट उद्या द्यायचा आहे, प्रवेशाचा ऑनलाइन फॉर्म भरायचा आहे किंवा रविवारी स्पर्धा आहे, अशा वेळी ड्रायव्हरला हात लावू नका. बहुतेक घरांत कॉम्प्युटर एकच असतो. गेम त्याच्यावर, अभ्यास त्याच्यावर, आणि आपल्या गृहउद्योगाची बिलंही त्याच्यावरच. तो अडला की सगळ्यांचंच अडतं.

जुनं किंवा सेकंडहँड कार्ड असेल तर आणखी एक गोष्ट पाहा. एनव्हिडियाच्या जीटीएक्स ९०० आणि १००० मालिकेतल्या कार्डांसाठी नव्या गेमचे ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५ नंतर बंद झाले. ऑक्टोबर २०२८ पर्यंत दर तीन महिन्यांनी फक्त सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळतील असं कंपनीने जाहीर केलं आहे. म्हणजे घरात जीटीएक्स १०५० किंवा १०६० असेल तर निर्णय सोपा आहे. सुरक्षेची दुरुस्ती तेवढी घ्या.

आता टाकायचं ठरलं तर कसं टाकायचं? आधी सध्याचा ड्रायव्हर कोणता ते पाहा. कीबोर्डवरचं विंडोजचं बटण आणि ‘आर’ एकत्र दाबा, ‘डीएक्सडायग’ हा शब्द इंग्रजीत टाइप करा आणि एंटर दाबा. डिस्प्लेच्या पानावर कार्डाचं नाव, ड्रायव्हरचा क्रमांक आणि तारीख दिसते. ते वहीत लिहून ठेवा. विंडोजमध्ये रिस्टोर पॉइंट तयार करण्याची सोय आहे, तीही वापरा.

ड्रायव्हर कंपनीच्याच वेबसाइटवरून घ्या. लॅपटॉप असेल तर आधी लॅपटॉपच्या कंपनीची वेबसाइट पाहा. ‘तुमचे सतरा ड्रायव्हर जुने आहेत, इथे दाबा’ अशा जाहिराती येतात, त्यांच्या नादी लागू नका. फुकटच्या वस्तूला पैसे मागणारे किंवा नको ते प्रोग्रॅम गळ्यात मारणारे त्यात पुष्कळ. फाइल बरीच मोठी असते, पाऊण जीबीच्या आसपास. रोजच्या दीड जीबीच्या पॅकमधला निम्मा डेटा त्यात जाईल, तेव्हा तो हिशेब आधी करा. वीज जायची वेळ असेल तर काम सुरू करू नका. टाकताना स्क्रीन काही क्षण काळी होते, चमकते. घाबरून बटण बंद करू नका. झालं की कॉम्प्युटर एकदा रीस्टार्ट करा आणि नेहमीचा गेम अर्धा तास खेळून पाहा.

बिघडलंच तर? डिव्हाइस मॅनेजर उघडा. डिस्प्ले अडॅप्टर्सखाली कार्डाच्या नावावर माउसचं उजवं बटण दाबून प्रॉपर्टीजमध्ये जा. तिथे ड्रायव्हरच्या पानावर ‘रोल बॅक ड्रायव्हर’ असतं. ते दाबलं की जुना ड्रायव्हर परत येतो. ते बटण फिकट दिसत असेल तर वहीतला क्रमांक कामी येतो. तोच जुना ड्रायव्हर कंपनीच्या वेबसाइटवरून घेऊन पुन्हा टाका.

शेवटी एक सांगतो. कॉम्प्युटर मंद झाला की सगळा दोष ड्रायव्हरला देऊ नका. कधी पंख्यात धूळ साचलेली असते, कधी रॅम अपुरी पडते. ड्रायव्हर बदलून धूळ निघत नाही.

पुढच्या वेळी ती चौकट आली की लेकीला एवढंच विचारा, “कशासाठी टाकायचा?” तिच्याकडे नेमकं उत्तर असेल तर खुशाल टाकू द्या. नसेल तर दोघी मिळून ते माहितीपत्रक वाचा.